लीड्सच्या बर्फावरच्या दोन गोलकीपर

लोक विलायतेला जाऊन राजवाडे बघतात. मीही गेले, पण माझा बहुतेक वेळ पत्र्याच्या छपराखालच्या गारठलेल्या बर्फाच्या रिंकमध्ये गेला. कागदी कपातला चहा दोन्ही हातांत धरून, मुली गोल कशा अडवतात ते बघत बसले होते. परत आल्यावर नाशिकच्या मैत्रिणींनी फोटो मागितले, तेव्हा दाखवायला माझ्याकडे हेल्मेट घातलेल्या, तोंडही न दिसणाऱ्या मुलींचेच फोटो निघाले.

हे काम माझ्याकडे आलं ते आडवाटेनं. कॉलेजात आणि नंतर राज्याच्या संघात मी हॉकीची गोलकीपर होते, आपल्या मैदानावरच्या हॉकीची. पुढे एका कॅनडातल्या संघासाठी घरबसल्या खेळाडूंचे व्हिडिओ बघून शेरे लिहायचं काम मिळालं. तिकडे बायकांची व्यावसायिक आइस हॉकी लीग आहे आणि तिचा ड्राफ्ट होतो. क्रिकेटच्या लिलावासारखाच, फक्त बोली नसते, पाळी असते. एकेक संघ आपली पाळी आली की एका नव्या मुलीचं नाव पुकारतो. ते नाव कुणाचं असावं, हे आमच्यासारखे लोक आधी फिरून, बघून सांगतात. यंदा ब्रिटनमध्ये फिरणाऱ्या आमच्या सहकाऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि माझा बॉस ग्रेग म्हणाला, "वृंदा, या वेळी तू जा. दोन गोलकीपर आहेत. आपल्या संघाला एकच हवी आहे. कुठली, ते सांग."

दोघींचे व्हिडिओ मी नाशिकमध्ये बघितले होते. एक लीड्सची, गार्गी. दुसरी स्कॉटलंडची आयला. हो, आयलाच. तिकडे हे मुलीचं चांगलं, घरंदाज नाव आहे. घरात फोनवर बोलताना मी "आयला काय उभी राहते!" म्हटलं की माझे यजमान दचकायचे.

वेम्बली

पहिल्या दोन रात्री लंडनमध्ये कॉलेजातली मैत्रीण शुभदा हिच्याकडे काढल्या. मार्च होता, ऊन होतं, पण ते नुसतं दाखवायला. ईलिंग रोडवर शुभदा मला अभिमानानं फिरवत होती. कोथिंबिरीच्या जुड्या, ताजा ढोकळा, साड्यांची दुकानं, देवळाची घंटा. "बघ, इथे काय मिळत नाही?" ती म्हणाली. मला मात्र कुठेच चैन पडत नव्हतं. ढोकळ्याची बशी हातात असताना मी फोनवर लीड्सच्या गाड्या बघत होते.

"बस की गं जरा," शुभदा वैतागली. "आल्यापासून उभीच आहेस."

खरंच होतं. घरी बसून व्हिडिओवर शेरा लिहिणं वेगळं. तिथे चूक झाली तर मागे जाऊन पुन्हा बघता येतं. इथे मुलगी एकदाच समोर येणार होती. आणि आणखी एक गोष्ट होती, जी मी शुभदाला सांगितली नाही. गार्गीचं आडनाव मराठी होतं. मला वाटलं होतं, त्यानं काही फरक पडणार नाही. पण लंडनला उतरल्यापासून तेच डोक्यात घोळत होतं.

लीड्स

लीड्सचा रिंक शहराच्या कडेला आहे, मोठमोठ्या गोदामांच्या रांगेत. आत शिरलं की ओल्या मोज्यांचा, रबराचा आणि तळलेल्या चिप्सवर ओतलेल्या व्हिनेगरचा असा मिळून एक वास येतो. सामन्याआधी लहान मुलांच्या वाढदिवसाचं स्केटिंग चालू होतं. ते संपलं, बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरून गेली आणि मुली उतरल्या. प्रेक्षक म्हणाल तर आईबाप, भावंडं आणि पांघरुणं. आपल्याकडे जिल्हा पातळीच्या सामन्याला असतात तेवढेच लोक, तितक्याच जोरात ओरडणारे.

गार्गीला बघून मी खुर्चीत पुढे सरकले. व्हिडिओत ती चांगली वाटली होती. समोर ती डोळे दिपवत होती. पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, डाव्या कोपऱ्यात जातेय असं वाटावं आणि गार्गीनं आडवं उडून ती हवेत झेलावी. उजवीकडून परतलेला फटका तिनं पाय फेकून अडवला. लोक उभे राहून ओरडत होते. मीही ओरडले असते, पण आमच्या कामात ते चालत नाही.

बोटं गारठल्यानं लिहिता येत नव्हतं. म्हणून मी फोन तोंडाशी धरून मराठीत बोलून ठेवायला लागले. इथे कोण मराठी समजणार?

"हात विजेसारखा. पण डावा पाय उशिरा हलतो. जागेवर पोचायच्या आत फटका येतो, मग उडी मारते. उडी फार सुरेख आहे. पण उडी मारावी का लागते, ते बघायला पाहिजे. थोडी नाटकी वाटते."

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान वळवली. गळ्याभोवती जाड मफलर, मांडीवर थर्मास.

"काहून हो," त्या म्हणाल्या, "काय बोलून राहिल्या तुम्ही माझ्या पोरीबद्दल?"

मी फोन खिशात टाकला. त्या स्मिता. मूळच्या नागपूरच्या, लीड्सच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. गार्गीची आई. मी कोण, ते मला सांगावंच लागलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि थर्मासचं झाकण उघडलं.

"नाटकी म्हणे! घ्या, चहा घ्या. रिंकवरचा चहा म्हणजे धुतलेल्या भांड्याचं पाणी."

आल्याचा चहा होता. मी घेतला. सामना संपल्यावर त्या घरी जेवायला बोलवू लागल्या. मी म्हटलं, खेळाडूच्या घरी जेवणं आम्हाला बरं नाही.

"मग मी काय तुम्हाला विकत घेऊन राहिली का?" त्या हसल्या. "वृंदाताई, परदेशात एकटं माणूस गेस्ट हाउसमध्ये सँडविच खाते, हे मला बघवत नाही."

तेवढ्यात गार्गी आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले, खांद्यावर तिच्याएवढीच पिशवी. विशीतली, युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाला. आईनं मराठीत ओळख करून दिली.

"नमस्कार, मावशी," ती म्हणाली. "माझं मराठी थोडा वाईट आहे, सॉरी. तुम्ही माझा गेम बघितली? मी कसा होतो?"

"अजून एकदा बघणार आहे," मी म्हटलं. "मग सांगते."

"प्रॉमिस? खरं सांगणार? इकडे सगळे फक्त 'ब्रिलियंट' बोलतात."

मी हो म्हटलं. गेस्ट हाउसवर जाऊन सँडविचच खाल्लं. पण तिचं ते "खरं सांगणार?" मला जागेवर बसू देईना. खोलीतला हीटर खडखडत होता. मी उठून कालव्याच्या काठानं फिरून आले, परत आले, पुन्हा कोट चढवला.

स्कॉटलंड, समुद्राकाठी

आयलाचं गाव स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. एडिंबरापर्यंत गाडी नीट गेली आणि मग वाऱ्यामुळे पुढच्या गाड्या बंद झाल्या. रेल्वेनं बस दिली, ती बस दुसऱ्या एका बसची वाट बघत थांबली. आपल्याकडे असं झालं की दहा लोक उतरून ड्रायव्हरला जाब विचारतात. तिथे सगळे गप्प. एका आजोबांनी शब्दकोडं काढलं. मी एकटीच मधल्या वाटेत येरझारा घालत होते. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही बसलात तरी बस तेवढ्याच वेगानं जाईल."

रिंकवर पोचले तेव्हा सामन्याच्या तीन टप्प्यांतला पहिला टप्पा संपून गेला होता. उरलेला सामना बघितला आणि मनात आलं, एवढ्या लांब ही बघायला आले? आयलाच्या खेळात काही घडतच नव्हतं. फटका येई, तिच्या छातीवर आपटे, ती तो दाबून धरी. पुन्हा फटका, पुन्हा छाती. ना उडी, ना झेप. फोनवर मी एवढंच बोलले, "समोरचा संघ कमकुवत असावा. हिच्या अंगावरच मारतायत."

शेजारी एक लालबुंद चेहऱ्याचे म्हातारे बसले होते. ते आयलाचे आजोबा, सँडी. त्यांनी मला एक गरम पाय दिला. पाय म्हणजे आत मॅकरोनी भरलेली कचोरीच म्हणा. पिठाच्या पारीत पिठाच्या नळ्या, वर चीज. थंडीत मात्र तो अमृतासारखा लागला.

"आमची आयला बघायला फार कंटाळवाणी आहे," सँडी म्हणाले. "तिची आजी तर सामन्यात विणकाम करायची."

मी हसले आणि हसता हसता थांबले. समोरच्या संघाची सगळ्यात वेगवान मुलगी एकटी चाल करून आली होती. मी या वेळी पक बघितलाच नाही, फक्त आयलाचे पाय बघितले. त्या मुलीनं काठी मागे घेण्याआधीच आयला दोन इंच डावीकडे सरकली होती. फक्त दोन इंच. फटका आला तो तिच्या छातीवर. मुली तिच्या अंगावर मारत नव्हत्या. त्या जिथे मारणार होत्या, तिथे ती आधी जाऊन उभी राहत होती.

मघाचा फोनवरचा शेरा मी पुसून टाकला.

सामन्यानंतर आयलाशी बोलले. उंच, अबोल मुलगी. मी विचारलं, "तू उडी कधी मारतेस?"

ती विचारात पडली. "चूक झाली की," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळची परतीची गाडी होती. मी तिकीट बदललं, कारण पहिला टप्पा हुकला होता. अर्धवट बघून कुणाचं नशीब लिहायचं नाही. निदान मी स्वतःला तेच कारण सांगितलं. खरं तर मला आयलात खोट सापडायला हवी होती. संध्याकाळच्या सरावाला पुन्हा जाऊन बसले. सापडली थोडी. काठीवरची पकड सैल, गोलमागे पक गेला की गडबड. पण पायांत खोट नव्हती.

परतताना फोर्थ खाडीवरच्या लाल पुलावरून गाडी जात होती आणि खाली समुद्र राखाडी उसळत होता. लोक फोटो काढत होते. मी स्वतःशी भांडत होते. मी आयलाला वर ठेवतेय ते ती सरस आहे म्हणून, की आपल्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून? दुसऱ्याची मुलगी पुढे करून आपण किती न्यायी, हे दाखवण्याचा मोह काही लहान नसतो. आणि उलटही खरं होतं. गार्गीची ती झेप आठवली की माझेच हात शिवशिवत. मीसुद्धा तशीच खेळायचे. लोक टाळ्या पिटायचे, वर्तमानपत्रात फोटो यायचा, आणि देशाच्या शिबिराची यादी लागली की माझं नाव नसायचं. का नसायचं, ते मला कुणी कधी सांगितलं नाही. बरीच वर्षं मी ते राजकारण समजत होते.

पुन्हा लीड्स

रविवारी दुपारी दोघी एकमेकींसमोर आल्या. स्कॉटलंडचा संघ लीड्सला खेळायला आला होता. सँडी एवढ्या लांब आले नव्हते, स्मिता मात्र सगळ्या घरासकट हजर होत्या. त्यांचे यजमान अविनाश सॉफ्टवेअरमध्ये. माणूस शांत, पण त्या दिवशी नखं खात होते.

आयलावर दोन गोल झाले. एक तिच्याच खेळाडूच्या स्केटला लागून आत गेला, दुसरा पुढ्यातल्या गर्दीतून आला. त्या वेळी तिला पक दिसलाच नसावा. दोन्ही वेळा तिनं पाणी प्यायलं, खांब काठीनं हलकेच ठोकला आणि पुन्हा उभी राहिली.

आणि गार्गी! ती त्या दिवशी जे खेळली ते मी विसरणार नाही. शेवटच्या टप्प्यात तिनं पाठीवर पडलेल्या अवस्थेत हात वर करून एक फटका अडवला. रिंकमध्ये सगळे उभे राहिले. मीसुद्धा राहिले, कळलंच नाही कधी ते. दोन-एकनं गार्गीचा संघ जिंकला. स्मितानं मला मिठी मारली.

"आता बोला! आता काय नाटकी म्हणाल? चला, आज तुमचं काही ऐकणार नाही. वडाभात केला आहे."

मी गेले. जायला नको होतं, हे कळत होतं. पण मी गार्गीला शब्द दिला होता आणि रिंकच्या गर्दीत उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं.

घर उबदार होतं. सांबारवड्या तळल्या जात होत्या. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला, नाशिकच्या बाईला, तिथे कळलं. वडाभातावर, म्हणजे डाळीचे वडे कुस्करून घातलेल्या भातावर, फोडणीचं तेल चरचरत आलं. स्मिता आग्रहानं वाढत होत्या. गार्गी धुतलेल्या केसांनी माझ्यासमोर बसली.

"मावशी, तुम्ही प्रॉमिस केला होता. मी फर्स्ट की आयला?"

"तो क्रम मी सांगू शकत नाही. अहवाल गुप्त असतो," मी म्हटलं. "मला काय दिसलं, ते मात्र सांगते."

"ओके."

मी घास खाली ठेवला. "तुझे हात मी आजवर बघितलेल्या कुठल्याही मुलीपेक्षा चपळ आहेत. पण तुझे पाय उशिरा पोचतात. आज तू जे सुंदर सेव्ह केलेस, त्यातले बरेचसे सुंदर झाले, कारण तू आधी चुकीच्या जागी होतीस. इथे हात तुला वाचवतात. तिकडे फटके याहून फार जलद येतात. तिथे हात पोचायच्या आत गोल होईल."

अविनाशचा चमचा थांबला होता.

"म्हणजे," गार्गी हळू म्हणाली, "मी चांगला दिसते, बिकॉज मी चुकते?"

"हो."

"आणि आयला?"

मी पाण्याचा पेला उचलला. तेवढं पुरलं.

"जिंकली ना पण आज ती!" स्मिताचा आवाज चढला. "दोन-एकनं जिंकली! डोळ्यांनी पाहिलं ना तुम्ही? तिच्यात दोन गेले, हिच्यात एक."

"स्मिता, मी गोल मोजायला आले नाही."

"बाहेरच्या कुणी डावललं असतं तर समजून घेतलं असतं, वृंदाताई. सवय आहे आम्हाला. सहा वर्षांची होती तेव्हापासून भल्या सकाळी उठून हिला बर्फावर नेलं आहे. पूर्ण रिंकमध्ये एकटी सावळी पोर. आणि आज पहिल्यांदा कुणी आपलं माणूस बघायला आलं, तर ते हे सांगते?"

गार्गीनं आईच्या दंडावर हात ठेवला.

"मम, स्टॉप," गार्गी म्हणाली. ती रडत नव्हती. मला वाटलं, काही विचारेल. पण ती उठली, ताट सिंकमध्ये ठेवलं आणि "आय थिंक यू आर राँग" एवढंच म्हणून जिना चढून गेली. वर दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

अविनाशनं मला गाडीतून गेस्ट हाउसवर सोडलं. उतरताना त्यांनी मागच्या सीटवरून एक डबा काढून माझ्या हातात दिला.

"वडाभात. स्मितानं भरून दिलाय." मग थोडं थांबून म्हणाले, "रागावली आहे ती. पण उपाशी पाठवणार नाही कुणाला."

खोलीत बसून मी तो भात थंडच खाल्ला आणि अहवाल लिहिला. आयला पहिली. गार्गीसाठी मी शोधून शोधून चांगले शब्द लिहिले, खोटा एकही नाही. हे हात पुन्हा कुणाला सापडणार नाहीत, पायांवर काम करणारा प्रशिक्षक मिळाला तर हिला नक्की घ्या, असं लिहिलं. "पाठव"वर बोट दाबलं आणि रिकामा डबा धुवायला घेतला. सकाळी लंडनच्या गाडीत पहिल्यांदाच मला खिडकी मिळाली. बाहेर मेंढ्या, शेतं, चर्चचे मनोरे असं सगळं चित्रासारखं जात होतं. मी दर स्टेशनला उठून दारापर्यंत जात होते. कशासाठी, कोण जाणे.

नाशिक

ड्राफ्ट झाला तेव्हा आपल्याकडे पहाट होती. मी स्वयंपाकघरात फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून बघत होते. नावं पुकारली जात होती, मुली रडत, हसत मंचावर येत होत्या. अगदी शेवटाकडे आमच्या संघानं आयलाचं नाव घेतलं. ती तिथे नव्हती. पडद्यावर तिचा एक फोटो आला, त्यातही ती हसत नव्हती. कुठेतरी सँडी नाचत असतील, असं वाटून मला बरं वाटलं. मग बाकीच्या संघांची नावं ऐकत शेवटपर्यंत बसले. गार्गीचं नाव कुणीच घेतलं नाही.

ग्रेगचा निरोप आला, छान काम केलंस. मी कणीक मळायला घेतली. मी बरोबर होते की नाही, हे कळायला चार-पाच वर्षं जावी लागतील. तोवर आयला तिकडे टिकेल किंवा टिकणार नाही. आमच्या कामात निकाल इतक्या उशिरा लागतो, की तो लागेपर्यंत बाकी कुणाला प्रश्नच आठवत नाही.

स्मिताला मी दोनदा मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

जुलैत एका दुपारी गार्गीचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज होता, ती कुठेतरी चालत होती.

"मावशी, मी स्वीडनला चालले. छोटी क्लब आहे, सेकंड डिव्हिजन. मी स्वतः त्यांना व्हिडिओ पाठवला. तिकडे गोलकीपरचा वेगळा कोच असतो. फुल टाइम."

"अगं, किती छान! आई काय म्हणते?"

"मम अजून तुमच्यावर चिडली आहे." ती थांबली. "मी पण. मी सगळा सीझनचे व्हिडिओ परत बघितले. सगळे. तुम्ही बोललात ना, पाय लेट आहे. कधी लेट आहे. ऑलवेज नाही. यू वेअर नॉट फेअर."

"असेल," मी म्हटलं. "मी तुला दोनदाच तर बघितलं."

"तुम्ही चूक होतात, ते मी दाखवणार. मग तुम्हाला परत यावं लागेल आणि रिपोर्ट परत लिहावी लागेल."

मी फोन घेऊन खिडकीपाशी गेले.

"दाखव," मी म्हटलं. "मी येते."